घाटात वळणं शिकायचीत? पुढच्याचा टेललॅम्प सोडा, आणि या चुका टाळा

रविवारी पहाटे साडेपाचला ठाण्यात माजिवड्याला पाच-सहा बाइक जमतात. कुणीतरी म्हणतं, "आज माळशेजला जाऊ, कॉर्नरिंगची प्रॅक्टिस करू." शहाड, मुरबाड, सरळगावला चहा, टोकावड्याच्या पुढे घाट. गडबड होते ती तिथे, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं. सराव करायला आलेला गडी वळणाकडे बघतच नाही, पुढच्या गाडीकडे बघत असतो.

माझंही तेच झालं होतं. पुढे आमच्यातला जुना खेळाडू, मागे मी. त्याचा ब्रेकलाइट लागला नाही म्हणून मीही ब्रेक मारला नाही. डावं वळण होतं, आत गेल्यावर आवळत गेलं आणि माझी गाडी मधली पट्टी ओलांडून पलीकडे. समोरून टेम्पो. त्याच्या ड्रायव्हरने वेळीच कड धरली म्हणून आज हे लिहितोय. पुढच्याला तो घाट पाठ होता, मला नव्हता.

तेव्हापासून मी टेललॅम्पऐवजी रस्ता वाचतो. वळणाकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात. तुम्ही पुढे जाल तसा तो बिंदूही पुढे पळत असेल तर वळण उघडतंय. तो जागीच थांबला किंवा अंगावर यायला लागला, तर वळण आवळतंय. वेग आणखी उतरवा. जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवायचा. माळशेजला धुकं उतरलं की हा हिशोब कधीकधी सायकलच्या वेगावर येतो. येऊ द्या.

"पाच-दहाने काय होतं?"

बरंच होतं. वळणात गाडी किती झोपवावी लागेल हे वेगाच्या वर्गावर ठरतं. ३० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किलोमीटरने घेतलं तर गाडी साधारण २३ अंश झुकते. ५० ने गेलात तर ३३, आणि ६० ला ४३ अंश. आपल्या साध्या, रोजच्या वापरातल्या कम्युटर गाड्यांचं फूटपेग (पाय ठेवायचा दांडा) त्याच्या आधीच रस्त्याला घासू लागतं. म्हणून ब्रेक आणि गिअर हे दोन्ही उद्योग गाडी सरळ असतानाच उरका. वळणात क्लच दाबून तरंगत जायची सवय बऱ्याच जणांना असते. ती मोडा, कारण क्लच दाबला की मागच्या चाकावरचा इंजिनाचा ताबा सुटतो. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) अगदी हलका, स्थिर धरा आणि बाहेर पडायचा रस्ता दिसला की मग वाढवा.

गाडी बाहेर फेकली जातेय?

ही तक्रार चहाच्या टपरीवर सर्वात जास्त ऐकू येते, आणि दोष टायरवर ढकलला जातो. खरी कारणं वेगळीच निघतात. एक म्हणजे घाई. वळण दिसलं की लगेच आत वळायचं. मग आतली कड लवकर गाठली जाते आणि उरलेल्या अर्ध्या वळणात गाडी बाहेर ओढली जाते. डाव्या वळणात "बाहेर" म्हणजे समोरून येणाऱ्यांची लेन, हे विसरू नका. थोडं थांबून, आत नीट दिसल्यावरच गाडी टाका.

दुसरं कारण नजर. ज्या दगडाला घाबरून बघत राहाल, गाडी त्याच दगडाकडे जाते. हनुवटी वळवा, जिथे जायचंय तिथे बघा.

तिसरं कारण हात. वेगात असताना गाडी वळते ती हँडल उलट्या दिशेने हलकं रेटल्यामुळे. उजवीकडे जायचं तर हँडलची उजवी मूठ पुढे ढकलायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण तुम्ही नकळत रोज हेच करता. कोपर ताठ असतील, मुठी आवळलेल्या असतील, तर मात्र जमत नाही. गुडघ्यांनी टाकी धरा म्हणजे हात मोकळे राहतील.

आणि मधेच वाटलं की "आता गेलो", तर पुढचा ब्रेक कचकन दाबू नका. बहुतेक वेळा टायरची पकड शिल्लक असते, धीर संपलेला असतो. नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवून आतली मूठ आणखी थोडी ढकला. खरंच थांबायचंच असेल तर आधी गाडी सरळ करा, मग ब्रेक. "एबीएस आहे ना!" (म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) हे उत्तर इथे चालत नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, पण साधं एबीएस सरळ ब्रेकिंगचा विचार करून बनवलेलं असतं. झुकलेल्या गाडीचं गणित त्याला कळत नाही.

उजव्या वळणातली चूक पटकन लक्षात येत नाही. चाकं तुमच्याच लेनमध्ये असतात, पण मधल्या पट्टीला चिकटून गाडी झोपवलीत तर डोकं पलीकडच्या लेनमध्ये जातं. समोरून एसटी येत असेल तर... पुढचं लिहीत नाही. पट्टीपासून हातभर नव्हे, चांगलं अंतर ठेवा.

ग्रुपचं शिस्तीचं काम

सरळ रस्त्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे अशी रचना ठीक. घाट लागला की एकामागे एक, मध्ये निदान तीन-चार सेकंदांचं अंतर. नवख्याला शेवटी ठेवू नका. रांग रबरासारखी ताणली जाते आणि शेवटच्याला कायम पाठलाग करावा लागतो. त्याला लीडच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्याच्या, लगेच मागे घ्या आणि लीडने आरशात बघत त्याच्या वेगाने चालावं. शेवटी अनुभवी माणूस. घाटात ओव्हरटेक नाही, वळणावर फोटोला थांबणं नाही. टायरच्या कडेची न झिजलेली पट्टी (गाडी कमी झोपवली की ती उरते) बघून एकमेकांना चिडवायचा खेळ आमच्यात चालायचा. तो आम्ही बंद केला, कारण पुढच्याच वळणावर कुणीतरी ती पट्टी घासायला जायचं.

टायरचं प्रेशर निघण्याआधी, थंड असताना बघा. आकडा चेनगार्डवर किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो, आणि मागे कुणी बसणार असेल तर तो बदलतो. नवे टायर टाकले असतील तर पहिले शंभरेक किलोमीटर जपून, ते गुळगुळीत असतात. माळशेजला पावसाळ्यात धबधब्याचं पाणी थेट रस्त्यावर येतं, सोबत खडी आणि माती. शेवाळ, सांडलेलं डिझेल, पांढऱ्या पट्ट्या, शेणसुद्धा. अशा जागी गाडी शक्य तितकी सरळ ठेवून निघा.

पण मुळात पहिला सराव घाटात कशाला? तळोजा किंवा महापे एमआयडीसीत ओळखीच्या कंपनीचं पार्किंग रविवारी रिकामं असतं. परवानगी काढा, खडूने दोन गोल आखा आणि तासभर आठचा आकडा काढा, ताशी पंधरा-वीसने. नजर आणि मुठीची सवय तिथे लागते. ठाण्याच्या येऊरला जाऊ नका. तो रस्ता राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून जातो, वाटेवर आदिवासी पाडे आहेत, पोरंबाळं रस्त्याने चालत असतात. नवी मुंबईतला पाम बीच रोडही नको. तिथे वळणं कमी आणि मोह जास्त.

घाटात गेलातच तर एकच तुकडा निवडा, पाच-सहा वळणांचा. आधी सावकाश वर, मग खाली. उतारावर वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे ब्रेक आणखी आधी. दोन फेऱ्या झाल्या की टपरी. तिसऱ्या फेरीला मान दुखायला लागते, लक्ष उडतं, आणि कुणीतरी म्हणतंच, "चल, आता जरा खेचू." त्याला आम्ही वडापाव देतो.