मोबाईलच्या व्हिडिओत आवाज हळूहळू ओठांपासून सुटत जातो: माझा उपाय

मोबाईलवर घेतलेलं भाषण एडिटरमध्ये टाकलं की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पुढे फरक वाढत जातो. फोनवर मात्र सगळं ठीक. आवाजाचा ट्रॅक सरकवला, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ केला. उपयोग शून्य, नुसता वैताग.

मीडियाइन्फोमध्ये (फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) फाइल उघडल्यावर कारण दिसलं: फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) मोड 'व्हेरिएबल', म्हणजे बदलता. फोन उजेडानुसार फ्रेम रेट कमीजास्त करतो, एडिटर तो स्थिर धरतो.

म्हणून फ्रेम रेट आधीच स्थिर करून घ्यायचा. हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ रूपांतरित करणारं सॉफ्टवेअर) फाइल उघडा. 'व्हिडिओ' टॅबमध्ये फ्रेम रेट 'सेम अ‍ॅज सोर्स'ऐवजी ३० करा, 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, आरएफ (दर्जाचा आकडा; कमी म्हणजे दर्जा चांगला) १८ ठेवा (फाइल फुगेल, फुगू दे), मग 'स्टार्ट एन्कोड'. नवी फाइल एडिटरमध्ये ३० एफपीएसच्या (सेकंदाला ३० फ्रेम) नव्या टाइमलाइनवर घ्या. आधीची कापाकापी बहुधा पुन्हा करावी लागेल.