मनगटी पट्टा घालण्याआधी मोजा

मोबाईल किंवा लॅपटॉपचा बोर्ड उघडण्याआधी अँटी-स्टॅटिक पट्ट्याचा (अंगावरची स्थिर वीज वायरमधून जमिनीत सोडणारा मनगटी पट्टा) रेझिस्टन्स मल्टिमीटरवर बघाच. पट्टा काढलेला असताना मीटर २ मेगाओहमवर ठेवा, एक प्रोब पट्ट्याच्या आतल्या धातूच्या चकतीला, दुसरा वायरच्या टोकाच्या क्लिपला. आकडा १ मेगाओहमच्या आसपास हवा. प्रोबची टोकं दोन्ही हातांच्या बोटांत धरू नका, नाहीतर अंगाचा रेझिस्टन्स मिसळून आकडा कमी दिसतो.

वायर पट्ट्याला जोडणाऱ्या बटणापाशी हलवून बघा, बहुतेक तिथेच तुटते. आकडा उड्या मारत असेल तर वायर बदला. शून्याजवळ आला तर पट्टा अजिबात वापरू नका: आतला रेझिस्टर शॉक लागल्यास करंट रोखण्यासाठीच असतो. क्लिप खात्रीच्या अर्थिंगलाच लावा, न्यूट्रलला कधीच नाही.