‘पुरुष शिक्षक घटले’ असं लिहिण्याआधी या चुका टाळा

एम.एड.च्या लघुप्रबंधांचा हंगाम आला की पोरं पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे येतात. परवा नाशिकच्या कॉलेज रोडवरून एक मुलगी आली. विषय भला मोठा: विकसनशील देशांतल्या माध्यमिक पुरुष शिक्षकांच्या संख्येचा कल. एका आफ्रिकी देशाची रेष छान चढत होती, २०१५ ला थेट शून्यावर आपटली आणि पुढच्या वर्षी पुन्हा वर. मी म्हटलं, “काय गं, त्या वर्षी तिथले सगळे मास्तर आपल्याकडे सिंहस्थाला आले होते का?”

ही चूक सुधारायला सगळ्यात सोपी. जागतिक बँकेच्या तक्त्यात आकडा नसेल तिथे दोन टिंबं असतात. एक्सेल त्यांना अक्षरं समजतं आणि आलेखात शून्य काढतं. ती घरं आधी रिकामी करा. मधलं वर्ष आजूबाजूच्या आकड्यांवरून भरलं असेल, तर तळटीप द्या.

संख्या आणि वाटा यांची भेळ

निम्मे लघुप्रबंध इथेच घसरतात. यू-डायसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शाळांविषयीच्या वार्षिक माहितीसंचाच्या नोंदीत २०१२-१३ साली देशभरात शाळेच्या सर्व स्तरांवर मिळून ४२.४ लाख पुरुष आणि ३५.८ लाख महिला शिक्षक होते. २०१९-२० मध्ये पुरुष ४७.७ लाख, महिला ४९.२ लाख. बायका पहिल्यांदाच पुढे गेल्या आणि लोकांनी लिहायला सुरुवात केली की पुरुष शिक्षक घटले. घटले कुठे? ५.३ लाखांनी वाढले की! घटला तो वाटा, ५४ टक्क्यांवरून ४९ वर, कारण त्याच काळात महिला १३.४ लाखांनी वाढल्या. त्यामुळे शीर्षकात ‘संख्या’ असेल तर आलेखही संख्येचाच काढा.

त्यातही स्तर वेगळे पाहावे लागतात. २०१९-२० मध्ये फक्त प्राथमिकला शिकवणाऱ्यांत महिला १९.६ लाख आणि पुरुष १५.७ लाख. फक्त माध्यमिकला मात्र पुरुष ६.३ लाख, महिला ५.२ लाख. उच्च माध्यमिकलाही पुरुषच जास्त. खाली बाई, वर सर, हे चित्र आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. सगळ्या स्तरांची बेरीज घेऊन माध्यमिकबद्दल बोललात, तर निष्कर्ष उलटा निघेल.

‘माध्यमिक’ म्हणजे नक्की कितवी ते कितवी?

माझ्या मते खरी मेख इथे आहे. यू-डायसच्या जुन्या तक्त्यांत माध्यमिक म्हणजे नववी-दहावी. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत माध्यमिक टप्पा नववी ते बारावी, आणि २०२४-२५ चा अहवाल त्याच टप्प्यांनी मांडलेला आहे. युनेस्कोच्या वर्गवारीत आपली सहावी ते आठवी हीसुद्धा कनिष्ठ माध्यमिक धरतात आणि जागतिक बँकेचे आकडे तिथूनच येतात.

आता गंमत बघा. वर्ष तेच, २०१९-२०. नववी-दहावीचे पुरुष शिक्षक ६.३ लाख. अकरावी-बारावीचे ३.७ लाख मिळवले की १० लाख. सहावी ते आठवीचे ११.५ लाखही धरले की २१.५ लाख. माणसं तीच, फक्त कुंपण सरकवलंय. एक वर्ष एका तक्त्यातून आणि पुढचं दुसऱ्यातून उचललंत, तर लाखो पुरुषांची ‘विक्रमी भरती’ तुमच्या आलेखात आपोआप होते. रेषेत अचानक उडी दिसली की कारणं शोधायला सरकारी धोरणाकडे नंतर धावा, आधी व्याख्या तपासा.

शिवाय एक ओळ हमखास सुटते. आपल्या हायस्कुलात सहावीला गणित आणि दहावीला भूमिती शिकवणारे सर एकच असतात. दोन स्तरांना शिकवणाऱ्यांची नोंद वेगळी असते. वरच्या बेरजांत ती धरलेली नाही, हेही लक्षात ठेवा.

‘विकसनशील देश’ ही यादी गोठलेली नाही

जागतिक बँक दरवर्षी १ जुलैला देशांचे उत्पन्नगट ठरवते; ‘विकसनशील’ म्हणजे सहसा त्यातले अल्प आणि मध्यम उत्पन्नाचे देश. रशिया २०२४ मध्ये उच्च उत्पन्न गटात गेला. त्याआधी उतरवलेली गटाची बेरीज आणि नंतरची बेरीज जोडली, तर एवढ्या मोठ्या देशाचे शिक्षक मधेच गायब होतात. देशांची यादी एकदा ठरवा, परिशिष्टात द्या आणि सगळी वर्षं त्याच यादीवर चालवा.

गटाच्या सरासरीवर फार भिस्तही ठेवू नका. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दहा माध्यमिक शिक्षकांत महिला साधारण तीन, तर लॅटिन अमेरिकेत महिलाच जास्त. दोन्हींची सरासरी म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या पावसाळी सुरगाणा आणि कोरड्या येवल्याच्या पावसाची सरासरी. तेवढा पाऊस दोन्हीकडे पडत नाही.

वर्षाचा घोळ छोटा, पण त्रासदायक. युनेस्को शालेय वर्ष संपतं त्या सालाने नोंदवते, म्हणून आपलं २०१९-२० तिथे २०२० होतं. दोन स्रोत जोडताना एक वर्ष सरकतं ते यामुळेच.

नाशिकचे आकडे जोडताना

स्थानिक प्रकरण जोडायची हौस सगळ्यांना असते, आणि असावी. फक्त संचमान्यतेतली (पटसंख्येनुसार शाळेला मंजूर झालेली) पदं म्हणजे शिक्षक नव्हेत. मंजूर पद रिकामंही असतं. पगारपत्रकावरून मोजाल तर विनाअनुदानित तुकड्यांवरचे आणि घड्याळी तासिकेवरचे, म्हणजे तासांप्रमाणे मानधन घेणारे सर सुटतील. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडे तर आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे आहेत, शिक्षण विभागाकडे नाहीत. व्यवस्थापनाच्या रकान्यात फक्त जिल्हा परिषद आणि खासगी अनुदानित निवडलं, की त्या अख्ख्या गळतात.

त्या मुलीनेही नेमकं तेच केलं होतं. वर विचारते, “सर, आश्रमशाळा धरल्या तर पुरुषांचा वाटा वाढेल की कमी होईल?” मी म्हटलं, “आधी मोज. आणि मोजून होईपर्यंत शीर्षकातला ‘घट’ शब्द पेन्सिलीनेच लिही.”