ज्युदोचा ड्रेस : धुणं सोपं, वाळवणं कठीण

क्लासला नवीन मुलं आली की पालक फी विचारतात, बेल्टची परीक्षा कधी असते ते विचारतात, हातपाय मोडणार नाहीत ना हे तर हमखास विचारतात. ड्रेस कसा धुवायचा हे कुणीच विचारत नाही. मग जुलै उजाडतो आणि फोन सुरू होतात, "ताई, दोनदा धुतला तरी वास जात नाही हो!" ज्युनिअर बॅच माझ्याकडे असल्यामुळे हे फोन मलाच येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

ज्युदोचा ड्रेस म्हणजे ज्युदोगी. क्लासमध्ये आम्ही नुसतं 'गी' म्हणतो. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. पुढे १९२२ मध्ये कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशी ओकिनावाहून कराटे घेऊन टोकियोत आले आणि कराटेवाल्यांनी याच ड्रेसचं हलकं रूप उचललं. त्यांना कुणी कॉलर धरून फेकत नाही, त्यामुळे त्यांचं कापड पातळ असलं तरी चालतं. आमचं नाही चालत. स्पर्धेच्या जॅकेटचं कापड चौरस मीटरला ६५० ते ७५० ग्रॅम भरतं. मोठ्या माणसाचा अख्खा सेट कोरडा असतानाच दोन किलोच्या आसपास जातो आणि पाणी प्यायल्यावर बादलीतून उचलताना हाताला रग लागते. कराटे, तायक्वांदोवाल्यांनी खालचं वाचावं, पण वाळवण्याचा भाग वाचून हसू नये.

स्वच्छतेचा आग्रह कशासाठी, तर जमिनीवरच्या पकडीत समोरच्याचं नाक तुमच्या कॉलरमध्येच असतं. आंतरराष्ट्रीय नियमांतही गी स्वच्छ, कोरडा आणि दुर्गंध नसलेला हवा असं स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे "माझा घाम, माझा ड्रेस" हा युक्तिवाद मॅटवर टिकत नाही. एका प्रॅक्टिसनंतर एक धुणं, यात तडजोड नाही. "आज जास्त घाम आला नव्हता" असं म्हणणाऱ्याबरोबर पार्टनर व्हायला कुणी राजी नसतं, हे मुलांना लवकर कळतं.

पहिलं धुणं नवा गी अंगात घालण्याआधीच करावं. सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतं, आणि गरम पाण्यात जास्त आटतं. दुकानात बाही मनगटाला नेमकी आली म्हणून खूश होऊ नका, ती महिन्याभरात वर चढते. स्पर्धेत बाहीची लांबी मोजतात. हात पुढे ताणल्यावर ती मनगटापर्यंत पोहोचली नाही तर गी बदलून या म्हणतात, आणि बदलायला दुसरा गी कोणाकडे असतो! घेतानाच 'आधी आटवलेला आहे का' हे विचारा. नसेल तर एक साईज मोठा घ्या. वाढत्या वयाच्या मुलांना तसाही मोठाच लागतो.

आता रोजचं. क्लासहून घरी आल्याबरोबर गी बॅगेतून बाहेर काढा. त्या क्षणी धुता येत नसेल तर निदान खुर्चीच्या पाठीवर पसरून ठेवा. घामाने ओला गी बेल्टने करकचून बांधून, त्याची गुंडाळी रात्रभर बॅगेत ठेवली की सकाळी जो कुबट वास येतो, तो पुढची चार धुणी पुरतो. बॅगसुद्धा उघडी ठेवा.

मशीनमध्ये थंड पाणी, गी उलटा करून, आणि गी एकटाच. साडेसहा किलोच्या मशीनमध्ये गीबरोबर चादर कोंबली की दोन्ही धड धुतले जात नाहीत. स्पिनला मशीन धडधडायला लागलं तर एक जाड टॉवेल टाका, तोल सावरतो. पँटची नाडी आधी दोन्ही टोकांना एकत्र गाठ मारून ठेवा. नाहीतर ती आत सरकते आणि क्लासला निघायच्या घाईत सेफ्टी पिन लावून ती ओवत बसावं लागतं. हाताने धुणाऱ्यांनी कॉलरवर आणि बगलेत मऊ ब्रश फिरवावा. दगडावर आपटायचा मोह टाळा, कापड टिकतं पण शिवण उसवते. आणि रात्रभर साबणात भिजत घोंगडं ठेवू नका. अर्धा-पाऊण तास पुष्कळ झाला.

साबण कमी, खळबळणं जास्त, हे मी प्रत्येक आईला सांगते आणि प्रत्येक आई दोन चमचे पावडर जास्तच टाकते. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर ते क्षारांचं असतं. त्यात साबणाच्या वडीचा साका होतो आणि जाड विणीत अडकून बसतो. त्यावर पुढचा घाम बसतो आणि पांढरा गी हळूहळू राखाडी-पिवळा होतो. मग "पांढरा होत नाही" म्हणून नीळ जास्त पडते आणि पाठीवर ढग उमटतात. अशा गीला शेवटच्या खळबळीत अर्धा कप पांढरं व्हिनेगर घाला. साका सुटतो, वासही उतरतो, आणि व्हिनेगरचा स्वतःचा वास वाळल्यावर राहत नाही.

क्लोरीनच्या ब्लीचपासून मात्र लांब राहा. घामाच्या डागांवर ते पडलं की पिवळेपणा उलट वाढतो आणि सूत कमजोर होतं. कॉलर कधी फाटते हे पाहायचं असेल तर खुशाल वापरा. ते व्हिनेगरबरोबर तर चुकूनही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो. पांढऱ्या गीला उजळवायचंच असेल तर क्लोरीन नसलेली, ऑक्सिजनवाली पावडर मिळते ती बरी.

रक्ताचा डाग पडला तर थंड पाणी, आणि लगेच. गरम पाण्याने तो कापडात पक्का बसतो. जुना डाग असेल तर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड, तीन टक्क्यांचं, पांढऱ्या कापडावर चालतं. निळ्यावर नको, रंग उडू शकतो.

निळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. स्पर्धेत एक पांढऱ्यात आणि एक निळ्यात ही पद्धत आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९७ मध्ये स्वीकारली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून ती टीव्हीवर दिसू लागली. त्यामुळे स्पर्धा खेळणाऱ्याला दोन्ही रंग लागतात. नवा निळा गी बरेच दिवस रंग सोडतो. तो वेगळाच धुवा. मुलींनी आतला पांढरा टी-शर्ट त्याच्याबरोबर अजिबात टाकू नये, आकाशी होऊन निघतो आणि स्पर्धेत पांढराच लागतो. वाळवताना निळा सावलीत.

आता वाळवणं, म्हणजे खरी डोकेदुखी. उन्हाळ्यात प्रश्नच नाही, गच्चीवर दुपारी टाकला की चारला खडखडीत. पावसाळ्यात पुण्यातसुद्धा वैताग येतो, मुंबई-कोकणात तर बोलायलाच नको. गी स्पिनमधून काढल्यावर दोन्ही हातांनी झटका, दोन्ही बाह्यांतून एक काठी आरपार घाला आणि ती काठी दोन खुर्च्यांवर किंवा खिडकीच्या गजांना आडवी टाका. हँगरवर खांदे ओघळतात आणि बगल एकमेकांना चिकटलेली राहते. दोरीवर मधोमध दुमडून टाकला तर घडीत ओल धरते. काठीवर बगल उघडी राहते, पुढचे दोन्ही पल्ले मोकळे सुटतात. वर पंखा पूर्ण वेगात.

सगळ्यात शेवटी वाळते ती कॉलर. तिच्यात कापडाचे अनेक थर एकावर एक शिवलेले असतात. बाहेरून हात लावला तर कोरडीच वाटते. मानेमागचा भाग गालाला लावून बघा. गार लागला तर आत ओल आहे. मधल्या वेळेत कॉलर थोडी मुरगळून, बोटांनी चोळून मोकळी केली की हवा आत शिरते. ओली कॉलर तशीच घडी करून कपाटात गेली की आठवड्यात काळे ठिपके दिसायला लागतात, आणि बुरशीचे ते ठिपके पुढे कशानेच पूर्ण जात नाहीत. आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस क्लास असेल तर दुसरा गी घ्याच. सरावापुरता हलका, एका विणीचा असला तरी चालेल, तो लवकर वाळतो.

ओलसर गीचा दुसरा प्रसाद म्हणजे गजकर्ण. अंगावर गोल, खाजणारा चट्टा दिसला तर मॅटवर येऊ नका, सरांना सांगा, ते रागावत नाहीत. मेडिकलमधून 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब आणू नका. तशा बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं, खाज थांबते आणि गजकर्ण पसरतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

बेल्ट धुवायचा की नाही यावर दर वर्षी वाद होतो. 'धुतला की त्यातली मेहनत वाहून जाते' असं सांगणारे दादा प्रत्येक क्लासमध्ये असतात. मी धुवायला सांगते. तोही मॅटवर लोळतो, त्यालाही सगळ्यांचे हात लागतात. फक्त वेगळा, थंड पाण्यात, हाताने, कारण रंगीत बेल्ट सुरुवातीला रंग सोडतात. सपाट ठेवून वाळवा, म्हणजे पीळ पडत नाही.

इस्त्रीची गरज नसते. पाठीवर नावाचा किंवा क्लबचा छापील पॅच असेल तर त्यावर इस्त्री टेकवूच नका. बगलेत उसवलं की लगेच शिवून घ्या, पुढच्याच पकडीत ते वीतभर होतं. पँटचा गुडघा नेहमीचा टेलर करून देतो. कॉलर मात्र त्याच्या मशीनवर सुई मोडते, म्हणून ती बॅगा शिवणाऱ्याकडे न्या. त्याच्याकडे जाड सुई आणि पक्का दोरा असतो. दुरुस्त केलेला गी सरावाला चालतो. स्पर्धेला नेण्याआधी सरांना दाखवा.