घरच्या छोट्या रेल्वेवर लांब वाघिणी: आवळ वळणावरून न पाडता कशा न्याव्यात

आपल्याकडे मॉडेल रेल्वेला जागा मिळते ती चार बाय सहाच्या प्लायएवढी, तीही दिवाणखान्यात कुणी कुरकुरलं नाही तर. चार फूट रुंदीत पूर्ण गोल बसवायचा म्हटलं की एचओ मापात, म्हणजे १:८७ ला, त्रिज्या ४५७ मिमी मिळते. काठाला जेमतेम जागा सोडली तर ५५९. परळीच्या वीजकेंद्राकडे कोळसा नेणाऱ्या बीओएक्सएन या उघड्या मालवाघिणी या मापात १२३ मिमीच्या आसपास भरतात आणि अशा वळणावर बिनघोर फिरतात. एनएमजी आणली की रडारड सुरू. मोटारी वाहणारी ही वाघीण जुन्या आयसीएफ (चेन्नईची इंटिग्रल कोच फॅक्टरी) प्रवासी डब्यातून बनते, मॉडेलमध्ये ती २४५ मिमी होते. हौसेने अमेरिकी ८९ फुटी मोटारवाहक घेतला तर ३११ मिमी.

ढोबळ हिशेब असा: त्रिज्या वाघिणीच्या लांबीच्या तिप्पट असेल तर चिंता नाही, अडीचपट असेल तर बहुतेक चालतं, दुपटीला झटापट करावी लागते. ४५७ च्या वळणावर एनएमजी त्याच्याही खाली येते, म्हणून डागडुजी वाघिणीचीच करायची.

आधी रोग ओळखा. लांब वाघीण वळणावर घसरली की सगळे रूळ ठोकत बसतात, पण बहुतेक वेळा गुन्हेगार कपलिंग, म्हणजे दोन वाघिणी जोडणारा कपलर असतो. ४५७ मिमीच्या वळणावर एनएमजीचं टोक रुळाच्या मध्यरेषेपासून सुमारे साडेआठ मिमी बाहेर झुकतं. शेजारच्या बीओएक्सएनचं टोक जेमतेम दोन मिमी. मधला सहा-साडेसहा मिमीचा फरक कपलिंगने झेलायचा. त्याचा दांडा आखूड असेल किंवा दांडा जिच्यात हलतो ती डबी अरुंद असेल, तर तो आडवा ओढतो आणि हलक्या वाघिणीची चाकं उचलून टाकतो. दोन वाघिणी वळणावर हाताने जोडून वरून बघा. दांडा डबीच्या भिंतीला टेकलेला दिसला की निदान पक्कं.

उपाय दोन. लांब दांड्याचं कपलर बसवा आणि डबीचं तोंड दोन्ही बाजूंनी कानशीने थोडं रुंद करा. किंवा कपलर वाघिणीच्या अंगावरून काढून खालच्या ट्रॉलीवर, म्हणजे चाकांच्या फिरत्या गाड्यावर बसवा, म्हणजे ते चाकांबरोबर वळेल. दुसरा मार्ग सोपा, पण गाडी मागे ढकलताना ट्रॉली तिरकी होऊन घसरते. शंटिंगची, म्हणजे वाघिणी पुढेमागे करत लावण्याची आवड असेल तर मी पहिलाच सुचवेन, वेळ लागला तरी.

आता वाघीण उलटी करा. ट्रॉली पूर्ण वळते का, की चाक पायरीला, ब्रेकच्या नळीला घासतं? चाकाच्या कडेला खडू लावून वाघीण वळणावरून फिरवा. जिथे पांढरं लागेल तिथलं प्लॅस्टिक ब्लेडने तासा. एका ट्रॉलीचा स्क्रू असा आवळा की ती फक्त वळेल, डुलणार नाही. दुसरीचा किंचित सैल ठेवा, म्हणजे रूळ वर-खाली असला तरी चारही चाकं टेकून राहतात.

वजन २४५ मिमीला साधारण १६५ ग्रॅम हवं. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगचे चिकटपट्टीचे तुकडे मिळतात, ते तळाला आतून, मधोमध लावा. छताला अजिबात नको.

गाडी लावतानाही डोकं लागतं. लांब वाघिणीच्या मागे जड रेक, म्हणजे वाघिणींची रांग आली की ती रांग ओढ घेऊन लांब वाघिणीला वळणाच्या आतल्या बाजूला पाडतो, म्हणून लांब वाघीण शेपटाकडे, ब्रेकव्हॅनजवळ (गार्डच्या डब्याजवळ) ठेवा. लांबीला लांबी जोडा. शेजाऱ्यांची टोकं सारखीच झुकली तर कपलरवर ताण येत नाही. १८९७ ला सुरू झालेल्या आणि पुढे लातूरपर्यंत आलेल्या बार्शी लाइट रेल्वेवर तिचे अभियंते कॅलथ्रॉप यांनी मालवाघिणी २५ फुटांच्या एकाच मापाच्या सांगाड्यावर बांधल्या होत्या. अशा रेकचं मॉडेल केलं तर ही डोकेदुखी उरतच नाही.

रुळाकडे शेवटी या. सरळ रुळातून एकदम वळणात शिरू नका. सुरुवातीचा वीतभर भाग हळूहळू वळू द्या. उलटसुलट दोन वळणांच्या मध्ये किमान एक वाघीण मावेल एवढा सरळ तुकडा हवाच. आणि आपला मे महिना विसरू नका: डिसेंबरात बसवलेला निकेल सिल्व्हरचा रूळ तीस अंशांच्या फरकाने मीटरला अर्धा मिमी वाढतो. वळणातले जोड डाग देऊन पक्के करा, फट सरळ भागात सोडा. उलट केलंत तर उन्हाळ्यात वळणावरच कोपरा निघतो आणि लांब वाघीण नेमकी तिथे पडते.

वळणाच्या आतल्या बाजूला एनएमजीचं पोट आठेक मिमी सरकतं, तेव्हा सिग्नलचे खांब आणि फलाट जरा दूर हलवा. मग रेक वळणावरून आधी हळू ओढून बघा, आणि नंतर मागे ढकलून. ढकलताना टिकला तर एरवी पडत नाही.