गोल्फमध्ये प्रो व्हायचंय? आधी कार्ड आणि कटचं गणित समजून घे

प्रो कसं व्हायचं असं विचारणाऱ्या बहुतेक मुलींच्या डोक्यात ट्रॉफी असते, ती जरा बाजूला ठेव. ॲनिका सोरेनस्टॅमने एलपीजीए टूरवर (अमेरिकेतली बायकांची व्यावसायिक स्पर्धामालिका) ७२ स्पर्धा जिंकल्या, कॅथी व्हिटवर्थने ८८, पण त्यांच्याच टूरवर कित्येक जणी दहा-दहा वर्षं खेळून एखादी जिंकतात किंवा एकही नाही, आणि तरी त्यांचं घर गोल्फवरच चालतं. ते चालतं टूर कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, टिकवल्यामुळे. म्हणून इथे सगळं कार्डाच्याच बाजूने सांगते, स्विंग कसा असावा ते तुझा कोच बघेल.

सगळ्यात आधी, प्रो व्हायची घाई करू नकोस. लिडिया को २०१२ मध्ये १५ वर्षांची असताना कॅनडातली एलपीजीए स्पर्धा जिंकली, पण ॲमॅच्युअर, म्हणजे हौशी, असल्याने पहिल्या नंबरचे पैसे गेले दुसऱ्या आलेल्या इनबी पार्कला. ऐकून जीव हळहळतो, पण लिडियाने पुढच्या वर्षापर्यंत थांबून मगच प्रो व्हायचं ठरवलं आणि १७ व्या वर्षी ती जगात एक नंबर होती. आता तर थांबणं अजून सोपं झालंय, कारण २०२२ पासून ॲमॅच्युअरचे नियम बदलले, स्पॉन्सर घेता येतो, किट घेता येतं, खर्चाला मदत घेता येते, मर्यादा राहिली ती मुख्यतः बक्षिसाच्या रकमेवर, १००० डॉलरपर्यंत. म्हणजे निव्वळ खर्च भागत नाही म्हणून प्रो होते हे कारण आता फारसं उरलेलं नाही. कॉलेज गोल्फची संधी असेल तर ती घे. सोरेनस्टॅम ॲरिझोना विद्यापीठात खेळली, रोझ झँग स्टॅनफर्डला, आणि रोझने २०२३ मध्ये प्रो म्हणून खेळलेली पहिलीच एलपीजीए स्पर्धा मारली. पण तिच्यावर जाऊ नकोस हां, तिच्याआधी असं १९५१ मध्ये झालं होतं.

मग तयार झाले हे कळणार कसं? हँडिकॅपवरून, म्हणजे खेळाची पातळी दाखवणाऱ्या आकड्यावरून, नाही. हँडिकॅप काढताना शेवटच्या २० राउंडपैकी (१८ होलचा एक राउंड) फक्त चांगले ८ धरतात, आणि स्पर्धा तुझा वाईट राउंडही मोजते, तिथे कुणी माफी देत नाही. त्यामुळे उलटं कर, शेवटचे २० स्पर्धेतले राउंड काढ (मैत्रिणींबरोबरचे नाहीत, जिथे दोन फुटांचा पट, म्हणजे होलमध्ये ढकलायचा छोटा फटका, "राहू दे गं" म्हणून सोडतात ते तर नाहीतच) आणि त्यातले सगळ्यात वाईट ८ बघ. एलपीजीएचे कोर्स साधारण ६२०० ते ६६०० यार्डांचे असतात, तेवढ्या लांबीवर तुझा वाईट दिवससुद्धा ७४-७५ स्ट्रोकला थांबत असेल तर बोलू. वाईट दिवशी ८० जात असेल तर कितीही ६८ मारलेस तरी क्वालिफायिंगमध्ये तो एकच दिवस सगळं धुऊन टाकतो. आणि हा वाईट दिवस सुधारतो तो बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आत, वेज आणि पटर या जवळच्या फटक्यांच्या क्लबने. लांब मारायचा ड्रायव्हर बघायला मजा येते म्हणून लोक तासभर तोच मारत बसतात, त्याला काय करणार.

क्वालिफायिंग म्हणजे सगळे म्हणतात ते क्यू-स्कूल, कार्ड मिळवायची पात्रता स्पर्धा, त्यात टप्पे असतात. फी भरताना एक लक्षात ठेव, एलपीजीए हे एकच दार नाहीये. तिच्या खालची एप्सन टूर आहे, तिथे वर्षभराच्या यादीत वर राहिलेल्यांना थेट एलपीजीए कार्ड मिळतं, १९७८ पासूनची लेडीज युरोपियन टूर आहे, जपान आणि कोरियाच्या टूर आहेत ज्या स्वतःच्याच जोरावर एवढ्या मोठ्या आहेत की तिथल्या बऱ्याच चांगल्या खेळाडू बाहेर पडतच नाहीत. माझं मत विचारशील तर तारखा जुळत असतील तिथे दोन टूरच्या क्वालिफायिंगला बस. आणि कार्ड मिळालं की सगळ्या स्पर्धा खेळायला मिळतात असंही नाही, कार्डांना प्राधान्यक्रम असतो, खालच्या नंबरची असशील तर कुणी नाव मागे घेईल म्हणून बॅग भरून वाट बघायची, कधी सोमवारच्या क्वालिफायरमध्ये दोन जागांसाठी भांडायचं. ही वाट बघणं प्रॅक्टिसपेक्षा जास्त दमवतं.

आता पैसे. एलपीजीएच्या नेहमीच्या स्पर्धेत दोन राउंडनंतर कट पडतो, पहिल्या ६५ आणि बरोबरीतल्या पुढे जातात, आणि जिंकणारीला एकूण रकमेच्या साधारण १५ टक्के मिळतात. कट चुकला की बहुतेक ठिकाणी शून्य, हल्ली काही मेजरमध्ये (वर्षातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांमध्ये) ठरावीक रक्कम देतात तेवढंच. खर्च मात्र कट बघत नाही, विमान, राहणं, कोच, फिजिओ, आणि बॅग उचलणाऱ्या कॅडीचा आठवड्याचा ठरलेला पगार द्यायचाच, शिवाय कमाईतला वाटा, जो साधारण ५ टक्के, टॉप टेनला ७ आणि जिंकलीस तर १० असा चालतो. म्हणून वर्षाचं बजेट करताना निम्मे कट चुकणार असं धरूनच कर, वर काही आलं तर वरकड. सुरुवातीला घरचं माणूस बॅग उचलायला तयार असेल तर लाजू नकोस, टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोकची कॅडी तिची आई होती आणि अदिती चौथी आली. फक्त घरच्या कॅडीशी आधीच ठरवून घे की राउंड संपल्यावर जेवताना खेळाबद्दल बोलायचं नाही, नाहीतर एका बोगीचं (होलवर एक जादा स्ट्रोक) भांडण तीन दिवस चालतं.

कॉन्ट्रॅक्टबद्दल दोनच गोष्टी सांगते. कुणी आज पैसे घालून तुझ्या पुढच्या सगळ्या कमाईचा टक्का मागत असेल तर त्याला वर्षांची आणि रकमेची मर्यादा घालून घे. दुसरं, मूल झालं तर काय, हे सही करायच्या आधी विचार. बऱ्याच करारांत वर्षाला अमुक स्पर्धा खेळल्याच पाहिजेत अशी अट असते. २०१८ मध्ये स्टेसी लुईस आई होणार होती तेव्हा तिच्या स्पॉन्सरने अट पूर्ण होत नसतानाही पूर्ण रक्कम देऊ केली आणि त्याची मोठी बातमी झाली, बातमी झाली म्हणजेच ते नेहमीचं नव्हतं ना.

आठवडा कसा असतो तर सोमवारी प्रवास, मंगळवारी सराव राउंड, बुधवारी प्रो-ॲम (हौशी खेळाडूंबरोबरचा राउंड), गुरुवारपासून स्पर्धा. सराव राउंडला स्कोअर ठेवू नकोस, प्रत्येक ग्रीनवर (होलभोवतीचं बारीक गवत) बॉल कुठे चुकला तर चालेल ते वहीत लिही. प्रो-ॲमला तोंड पाडून फिरणाऱ्या मुली मी बघितल्यात, अगं तुझ्याबरोबर चार तास चालणारा तो हौशी खेळाडू उद्या तुझ्या कॅपवर नाव टाकू शकतो, त्याच्या पटची लाइन बघून दे की.

नियमांचं पुस्तक खरंच वाच, सारांश नको. २०१७ ला एका मेजरमध्ये लेक्सी थॉम्पसन आघाडीवर होती, आदल्या दिवशी ग्रीनवर जागेवर मार्कर ठेवून बॉल उचलला आणि परत ठेवताना तो जेमतेम इंचभर सरकला होता, ते कुणा टीव्ही बघणाऱ्याने कळवलं, दोन स्ट्रोक चुकीच्या जागेचे आणि दोन चुकीच्या स्कोअरकार्डचे असे चार स्ट्रोक तिला शेवटच्या राउंडच्या मधेच लागले आणि बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये सो यॉन ऱ्यू जिंकली. त्यानंतर प्रेक्षकांचे फोन घेणं बंद झालं, पण मार्कर ठेवायची सवय तुझी तुलाच लावायचीये. कार्डावर सही करण्याआधी एकेक होल मोठ्याने वाचून घे.

जागतिक रँकिंग रोज बघू नकोस. ते दोन वर्षांच्या गुणांची सरासरी असतं आणि कमीत कमी ३५ ने भागतात, म्हणजे तू १२ च स्पर्धा खेळलीस तरी भागणार ३५ नेच. नवीन मुलीचा नंबर खालीच दिसणार, त्यात तुझी चूक नाही.

आणि कार्ड गेलं तर? जातंच बऱ्याच जणींचं. लिलिया वू २०१९ मध्ये एलपीजीएवर ९ स्पर्धा खेळली आणि कट गाठला फक्त एकदा, कार्ड गेलं, गोल्फ सोडून वकिली शिकावी इथपर्यंत तिचं आलं होतं. खालच्या टूरवर परत गेली, २०२१ मध्ये तिथे ३ जिंकल्या, आणि २०२३ मध्ये दोन मेजर घेऊन एक नंबरला बसली. त्यामुळे कार्ड गेल्यावर पहिल्या आठवड्यात काहीच ठरवायचं नाही, ना सोडायचं ना कोच बदलायचा. झोप काढ, मग ती वही उघड आणि कट किती स्ट्रोकने चुकले ते मोज. बहुतेक एक-दोनच निघतील, आणि ते कुठल्या क्लबने गेले हेही तिथेच लिहिलेलं असेल. पुढच्या क्यू-स्कूलच्या फॉर्मची शेवटची तारीख मात्र त्याच दिवशी कॅलेंडरवर टाकून ठेव, कारण ती चुकली तर अख्खं वर्ष गेलं.