उन्हाळ कांद्याला बीम मारायचा असेल तर तयारी काढणीपासूनच करा

काढणी सुरू झाली की दरवर्षी एकच प्रश्न येतो, कांदा विकिरण करून, म्हणजे त्यावर किरणांचा किंवा इलेक्ट्रॉनच्या झोताचा (बीमचा) मारा करून ठेवला तर दिवाळीपर्यंत टिकेल का. वेळेत केलं तर कोंब येणार नाहीत हे नक्की, पण मशीन काय करतं आणि काय करत नाही हे आधी समजून घ्या नाहीतर भाडं आणि हमाली दोन्ही वाया जाते.

लासलगावचं 'कृषक' केंद्र आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय, तिथे कोबाल्ट-60 या किरणोत्सारी पदार्थाचे गॅमा किरण वापरतात. इलेक्ट्रॉन बीमचं तसं नाही, यात किरणोत्सारी पदार्थच नसतो, सगळं विजेवर चालतं. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, तांब्याच्या पोकळ नळीत मायक्रोवेव्हच्या जोरावर त्यांचा वेग वाढतो, मग चुंबक तो झोत डावीकडून उजवीकडे झाडूसारखा फिरवतं आणि टायटॅनियमच्या पातळ पडद्यातून तो खालच्या कन्व्हेयरवरच्या मालावर पडतो. स्विच बंद केला की किरणं बंद. इंदूरला फळ-भाजी मंडीच्या आवारात असं मशीन आहे.

इलेक्ट्रॉन पेशीतला डीएनए तोडतात. सिरिंज वगैरे निर्जंतुक करायला साधारण 25,000 ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक) डोस देतात, कांद्याला फक्त 60 ते 90 ग्रे पुरतो, तेवढ्यात आतला कोंब थांबतो पण बुरशी आणि सडवणारे जंतू मरत नाहीत, आणि डोस वाढवला तर कांदाच खराब होईल. म्हणजे सड आणि वजनातली घट मशीन थांबवत नाही, ते काम तुमच्या सुकवणीचं आणि साठवणीच्या कांदाचाळीचं आहे. असा कांदा खायला सुरक्षित आहे, तो किरणोत्सारी होत नाही, ही भीती मनातून काढा.

दुसरी गोष्ट खोलीची. 10 एमईव्ही (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचं माप) जोराचा झोत दोन्ही बाजूंनी मारला तरी पाण्यात जेमतेम 8-9 सेंमीपर्यंत नीट पोचतो, कांद्यासारख्या पाणीदार मालातही साधारण तेवढाच, त्यामुळे 50 किलोची गोणी चालत नाही, ट्रेमध्ये एकच थर लागतो. गोणीतच करायचं असेल तर गॅमाच बरा.

आता शेतातलं. निम्म्या माना पडल्या की काढा, त्याच्या 15 दिवस आधी पाणी तोडलेलं असावं, पातीने झाकून 3 दिवस शेतात, मग 3-4 सेंमी मान ठेवून पात कापा आणि सावलीत 10-12 दिवस सुकवा. जोड, डेंगळे (फुलाचे दांडे) आलेले, जाड मानेचे आणि मार लागलेले कांदे बाजूला काढा, ते लगेच विका. सुकवणी झाली की लगेच विकिरण करा, कांदा झोपेत असतानाच, कारण आत कोंब हलायला लागल्यावर मशीनचा उपयोग नाही, उलट आतला गाभा काळपट पडतो. नंबर आधीच लावून ठेवा, आवक वाढल्यावर मिळत नाही.

आणि गोट कांदा, म्हणजे बियाण्यासाठी ठेवायचा, चुकूनही यात घालू नका, तो लावला तरी उगवणार नाही. विकिरण केलेल्या ढिगावर पाटी लावा, म्हणजे घरात कोणी ऑक्टोबरमध्ये त्यातूनच लावायला उचलणार नाही.